एका खेड्याच्या आडावरील घुमट

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त देवळाच्या पटांगणात दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस ‘एक जुनी वास्तू’ ह्या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही वसईच्या किल्ल्याविषयी बोलू असा समितीचा समज झाला असावा. किल्ल्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत व ते आमच्याहून अधिक माहितगार आहेत. किल्ल्यास आमची गरज नाही. म्हणून आज आम्ही आपणांस एका आडाकडे नेणार आहोत. हा आड आपल्या तालुक्यातील नव्हे, ह्या देशातीलही नव्हे. इंग्लंडातील ऑक्सफर्डशर परगण्यात, हेन्ली गावाच्या पश्चिमेस सुमारे पाच मैलांवर, स्टोक रो नावाचे एक खेडे आहे. त्या खेड्यात रस्त्याच्या कडेला एक सोनेरी घुमट उभा आहे, घुमटाखाली एक आड आहे, आणि हा आड काशीच्या महाराजांनी त्या खेड्यास दिलेला आहे. आमचे एक आप्त रेडिंग शहरी नोकरीस आहेत. त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी एका दुपारी आम्हांस तेथे नेले. परत आल्यापासून तो घुमट आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तो न हलण्याचे कारण आपणांपैकी कित्येकांनी ओळखलेच असेल. आपल्या देवळाच्या मागील बाजूस जी विहीर आहे, तिचे काय करावे हा प्रश्न ह्या महोत्सवाच्या वर्षातच समितीपुढे आला आहे. त्याविषयी आम्ही शेवटी बोलू. तूर्त आपण स्टोक रोकडे वळू.

इंग्लंड म्हटले की आपल्या मनात पाऊस उभा राहतो. तेथे पाण्याची टंचाई असेल हे कोणास खरे वाटणार नाही. परंतु स्टोक रो हे खेडे चिल्टर्न नावाच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसले आहे, आणि ती रांग खडूची आहे. वर गारगोट्या मिसळलेल्या चिकणमातीचा थर, आणि त्याखाली शेकडो फूट खडू. खडू पाणी धरून ठेवतो खरा, पण फार खाली. पडलेला पाऊस त्यातून झिरपत जातो आणि डोंगराच्या पोटात खोलवर साठतो. माथ्यावर ना ओढा, ना झरा. गावकरी डबक्यांतले आणि मातीच्या खाणींत साचलेले पाणी वापरीत, छपरावरून पडणारे पावसाचे पाणी साठवीत, आणि उन्हाळा कडक झाला की बायका मैलोगणती चालून पाणी आणीत. एका घरी स्वयंपाकास वापरलेले पाणी शेजारच्या घरी पुन्हा कामास येई, असे सांगतात. आपल्याकडील चिपळूण-संगमेश्वराच्या सड्यावर राहणाऱ्यांस हे वर्णन ऐकून मुळीच नवल वाटणार नाही. पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस आणि वैशाखात हंड्यांची रांग, हे कोकणात आपण पाहतोच. पाऊस किती पडतो एवढ्यावर भागत नाही. तो पडल्यावर जमीन त्याचे काय करते हे पाहावे लागते.

ह्या डोंगराळ मुलखात इप्सडेन नावाचे दुसरे एक खेडे आहे. तेथील एडवर्ड अँडरडन रीड नावाचे गृहस्थ हिंदुस्थानात मुलकी नोकरीस होते. १८३१ साली आझमगढ येथे त्यांनी लोकांच्या सोयीसाठी एक विहीर खणविली होती. पुढे त्यांचा व काशीनरेश महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह ह्यांचा स्नेह जमला. रीडसाहेब बोलता बोलता आपल्या मुलखातील पाण्याच्या हालांच्या गोष्टी महाराजांस सांगत. त्यांपैकी एक गोष्ट आजही त्या खेड्यात सांगतात: एका अवर्षणात एका झोपडीतील लहान मुलाने घरात उरलेले शेवटचे पाणी पिऊन टाकले, आणि त्याबद्दल त्याची आई त्यास मारीत होती.

महाराज गंगेच्या काठी रामनगरच्या किल्ल्यात राहणारे. खिडकीबाहेर एवढी मोठी नदी वाहत असता ही गोष्ट त्यांच्या मनात कशी उतरली असेल, ह्याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. मुलास पाणी प्यायल्याबद्दल मारणे हे त्यांनी आपल्या राज्यात पाहिले असेल किंवा नसेल. पण राज्यकर्त्यांच्या देशातही असे घडते हे ऐकून ते चकित झाले असतील. रीडसाहेब १८६० साली निवृत्त होऊन स्वदेशी गेले. त्यानंतर इंग्लंडात काही दानधर्म करावा असे महाराजांच्या मनात आले तेव्हा त्यांस दोन गोष्टी आठवल्या: आझमगढची विहीर, आणि मार खाणारे ते मूल. त्यांनी रीडसाहेबांच्या मुलखात विहीर देण्याचे ठरविले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही आपणांस अर्धीच हकीकत सांगितल्यासारखे होईल. महाराजांच्या ह्या दानात राजकारणाचा अंश नव्हता असे नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली होती, आणि रीडसाहेब त्याच धामधुमीत आग्र्यास राहून वायव्य प्रांताचा कारभार सांभाळीत होते. आडाचे काम सुरू करण्यास दिवस निवडला तो १० मार्च १८६३, म्हणजे युवराजांच्या विवाहाचा. आणि आड लोकांस खुला केला तो २४ मे १८६४ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. दात्याची नजर दरबाराकडेही होती हे उघड आहे. शिवाय १८६०-६१ साली खुद्द दोआबात दुष्काळ पडून माणसे अन्नावाचून मरत होती. ‘घरचे उपाशी असता परदेशी पाणी?’ असा प्रश्न कोणी केला तर त्यास आमच्याजवळ तयार उत्तर नाही. आम्हांस एवढेच दिसते की स्टोक रो येथील मुलांच्या घशात जे पाणी गेले ते राजनिष्ठेचे की करुणेचे हे त्यांनी विचारले नाही. दानाची नाणी ओळीने मांडून त्यांतली खरी किती आणि खोटी किती हे पाहणे देवाकडे सोपवावे. आम्ही केवळ वास्तूकडे पाहणार.

आणि वास्तू पाहण्याजोगीच आहे. पण तिचा मोठा भाग दिसत नाही. आडाचे तोंड अवघे ४ फूट रुंद आहे आणि खोली ३६८ फूट. मुंबईस विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची उंची २८० फूट. तो मनोरा आख्खा उचलून ह्या आडात उभा केला, तरी त्याच्या कळसावर आणखी ८८ फूट अंधार राहील. हे सर्व खणकाम माणसांनी हातांनी केले. चार फुटांच्या भोकात किती माणसे उभी राहून पहार मारू शकतील, ह्याचा आपणच विचार करावा. वरच्या चिकणमातीच्या भागानंतर सगळा खडू. तो टोपल्यांनी वर काढावयाचा, खाली मेणबत्तीच्या उजेडात काम करावयाचे, आणि हवा कोंदू लागली की जीव मुठीत धरावयाचा. घुमटाखालच्या पट्ट्यावर महाराजांचे नाव कोरलेले आहे. आत उतरलेल्या माणसांची नावे त्या पट्ट्यावर नाहीत. आमच्या मते तेवढी एक जागा त्या पट्ट्यावर रिकामी सोडावयास हवी होती.

ह्या संबंधात आम्ही एक हिशेब करून पाहिला, तो मुलांस आवडेल. आपल्याकडे बागायतीची विहीर सुमारे २० फूट रुंद आणि १५ फूट खोल असली तर ती खणताना जितकी माती बाहेर पडते, जवळजवळ तितकीच माती आणि खडू स्टोक रोच्या त्या चिंचोळ्या आडातून बाहेर आला. ऐवज एकच, एकाने तो आडवा पसरला, दुसऱ्याने उभा ओढला. आपल्या पूर्वजांनी विहीर रुंद ठेवली कारण पाणी हाताशी होते, रहाट बसवावयाचा होता, उन्हाळ्यात झऱ्यांनी भरून येण्यास पोट मोठे हवे होते. त्यांनी चिंचोळी ठेवली कारण एक फूट रुंदी वाढविली असती तर ३६८ फुटांपर्यंत तिची किंमत द्यावी लागली असती. आणि खडू भक्कम असल्याने चिंचोळी भिंत उभी राहू शकत होती. आपल्या वाळूत अशी भोके टिकत नाहीत. मराठीत आपण विहीर आणि आड असे दोन शब्द ठेवले आहेत, ते असे उपयोगी पडतात. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द.

आता आडावरील घराकडे येऊ. रीडसाहेबांच्या देखरेखीखाली वॉलिंगफर्ड गावच्या वाइल्डर ह्या कारखान्याने हे काम केले. हा कारखाना शेतकीची लोखंडी अवजारे ओतणारा. नांगर ओतणाऱ्या हातांनी काशीचा घुमट ओतला, ही आम्हांस त्या वास्तूतील सर्वांत मौजेची गोष्ट वाटते. बिडाचे सडपातळ खांब वर्तुळात उभे, त्यांवर पट्टा, पट्ट्यावर फुगीर घुमट, आणि घुमटावर सोनेरी कळस. भिंती नाहीत, चारही बाजू मोकळ्या. आपल्या राजेरजवाड्यांच्या समाधींवर ज्या छत्र्या असतात त्यांच्या घाटाचीच ही छत्री. परंतु ती मृतांवर न धरता पाण्यावर धरली आहे. जमिनीपासून कळसापर्यंत उंची २३ फूट. ह्या २३ स १६ ने गुणले की बरोबर ३६८ होतात. म्हणजे जमिनीत रुपया पुरला आहे आणि वर त्याचा एक आणा दिसतो. आणा-पैचा हिशेब आता कोणी शिकत नाही. वडील माणसांनी तो मुलांस समजावून द्यावा.

छप्पर केवळ शोभेचे नाही. झाडाचा पाला आणि पाखरांची घाण पाण्यात पडू नये, बर्फ-पावसात चाक फिरविणारास आडोसा मिळावा, लोखंडी यंत्र गंजू नये, ह्यासाठी ते आहे. आणि भिंती नसल्यामुळे वारा खेळतो व आत कोण काय करीत आहे हे रस्त्यावरून दिसते. यंत्र म्हणजे दातेरी चाके, दोर गुंडाळण्याचे पिंप, आणि हाताने फिरविण्याचे चाक. पोहरा वर येण्यास सुमारे १० मिनिटे लागत. ह्या यंत्राच्या माथ्यावर सोनेरी रंगाचा एक हत्ती उभा आहे. तो तेथे काहीही काम करीत नाही. आमच्याबरोबरच्या मुलीने विचारले की हा हत्ती कशाला? आम्ही म्हटले, दहा मिनिटे चाक फिरवावयाचे तर माणसास पाहण्यास काहीतरी हवे. हे उत्तर शास्त्रशुद्ध नव्हे, पण तिला ते पटले.

पाण्यावर घर बांधण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. सातारा जिल्ह्यात लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळी, १७१९ ते १७२४ ह्या वर्षांत, विरूबाई भोसले ह्यांनी ती बांधविली. तेथे पायऱ्या उतरून दारातून आत गेले की विहिरीच्या पोटात दगडी महालच लागतो. माणूस घरात बसूनच पाण्यावर येतो. मुंबईस चर्चगेटजवळ भिखा बेहराम ह्यांनी १७२५ साली खणविलेली विहीर आहे, तिजवरही सुंदर छत्री आहे. समुद्र इतका जवळ असून तिचे पाणी गोडे. आणि शुभवर्तमानातील शमरोनी स्त्री ज्या याकोबाच्या विहिरीवर आली, ती नाब्लस शहरी असून आज एका ऑर्थोडॉक्स देवळाच्या तळघरात आहे. लिंबच्या विहिरीत घर पाण्याकडे उतरते. स्टोक रोला पाणी घराकडे चढते. दोन्हीकडे बांधणाराने एक गोष्ट मानली की पाण्याची जागा ही कोठल्याही घराइतकीच नीट बांधली पाहिजे. काटकसर करावयाची तर पाण्याच्या घरी करू नये, असे त्यांस वाटले असावे. सांप्रत आपण वाहनांसाठी पक्के छप्पर बांधतो आणि विहिरीवर गंजका पत्रा टाकतो.

स्टोक रोच्या आडाचे पाणी सर्व लोकांस विनामूल्य होते, व ते कायम तसेच राहावे अशी दानाची अट होती. आपणांस हे साधे वाटेल. परंतु ज्या देशातून हे दान गेले त्या देशात पाणी सर्वांस खुले नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो माणसे घेऊन जावे लागले, हे आपण जाणता. आपणांमध्ये जाती नाहीत असे आपण म्हणतो. आमच्या बालपणी आमच्याच आळीत बाहेरून मजुरीस आलेल्या बायकांच्या हंड्यात पाणी वरून, हात लांब ठेवून, ओतले जाई. त्यांस रहाटाच्या थाळ्याजवळ येऊ देत नसत. ओतणारे आपल्याच देवळात मिस्सेस येणारे होते. आमची आजी त्यांत होती. हे येथे सांगावे की नाही ह्याचा आम्ही दोन दिवस विचार केला, आणि विहिरीवर बोलावयाचे तर ते टाळून बोलता येणार नाही असे ठरविले.

आता आमच्या मते ज्या भागाकडे सर्वांत कमी लोकांचे लक्ष जाते त्याकडे येऊ. आड खणण्यास सुमारे साडेतीनशे पौंड लागले. ते देऊन महाराज मोकळे होऊ शकले असते. परंतु त्यांनी शेजारची चार एकर जमीन घेऊन दिली. आडाच्या रखवालदारास राहण्यासाठी एक छोटेसे घर बांधून दिले, आणि चार एकरांत चेरीची बाग लावविली. चेरी विकून जे पैसे येतील त्यांतून आडाची डागडुजी व्हावी अशी ती योजना. बागेस नाव दिले ईश्री बाग, महाराजांच्या स्वतःच्या नावावरून. बागेत माशाच्या आकाराचे एक तळे खणविले, कारण मासा हे काशीच्या राजचिन्हांपैकी एक. तळ्याचे नाव मत्स्य. इंग्लंडच्या एका डोंगरावर, जेथे कोणास ह्या नावांचा उच्चारही करता येत नसेल, तेथे बाग आणि मत्स्य! आणि ह्या सर्वांवर देखरेखीस विश्वस्त नेमले.

दान करणारे पुष्कळ असतात. मुंबईचे सर कावसजी जहांगीर रेडीमनी ह्यांनी १८६९ साली लंडनच्या रीजंट्स पार्कात एक सुरेख पाणपोई बांधून दिली, तीही आजवर उभी आहे. परंतु दानाबरोबर त्याची चाकरी करणारा माणूस, त्या माणसाचे घर, आणि घरखर्चास झाडे, इतके सर्व एकत्र देणारे आम्हांस फारसे आढळले नाहीत. बहुतेक आपण पाटी लावून थांबतो. आमच्या ह्या देवळात दान म्हणून आलेले तीन पंखे आहेत. तिघांवर दात्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी एक फिरतो. हसू नका, दात्यांपैकी एक आम्ही आहोत.

सत्तर वर्षांहून अधिक काळ स्टोक रोचे लोक त्या आडाचे पाणी प्याले. पुढे नळ आले आणि चाक थांबले. नळाचा दोष नाही. दहा मिनिटे चाक फिरविण्यापेक्षा तोटी फिरविणे कोणास आवडणार नाही? पण त्यानंतर जे व्हावयाचे ते झाले. न वापरलेल्या लोखंडास गंज चढला, बागेकडे दुर्लक्ष झाले. १९६१ साली एलिझाबेथ राणी हिंदुस्थानात आल्या तेव्हा काशीच्या महाराजांनी त्यांस ह्या आडाची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. १९६४ साली आडास शंभर वर्षे झाली, तेव्हा राणीचे पती ड्यूक ऑफ एडिंबरो खेड्यात आले, आणि काशीहून आणलेले गंगेचे पाणी त्या आडाच्या पाण्यात मिसळण्यात आले. तेव्हा ना महाराजांचे राज्य उरले होते ना इंग्रजांचे हिंदुस्थानातील राज्य. आड मात्र होता. समारंभाने गंज जात नाही. खरी दुरुस्ती झाली ती १९७९ ते १९८२ ह्या काळात, आणि विश्वस्तांनी ती करून घेतली. ज्या विश्वस्तमंडळाची तजवीज शंभर वर्षांपूर्वी झाली होती तेच मंडळ कामास आले. आज आपण गेलात तर घुमट झळझळीत दिसेल.

आता आपल्या घरी परत येऊ. आपल्या वसईची जमीन स्टोक रोच्या अगदी उलट. तेथे पाणी ३६८ फुटांवर, येथे दहा-पंधरा फुटांवर. तेथे पाण्याखाली खडू, येथे पाण्याखाली समुद्र. भूजलाचा अभ्यास करणारे सांगतात की किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर उभा असतो. म्हणून वरचे एक फूट उपसले की खालचे चाळीस फूट खाऱ्याच्या स्वाधीन होतात. आपल्या आजोबांस हा हिशेब ठाऊक नव्हता, पण त्यांचा रहाट तो पाळीत असे. रेडा जेवढा चाले तेवढेच पाणी वर येई. रेडा थकला की विहीर विसावे. गाडग्यांची माळ फिरताना अर्धे पाणी परत विहिरीत सांडे. पुढे इंजिने आली, मग विजेचे पंप आले. ते थकत नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या बागांतील पाणी टँकरांनी वाढत्या शहराकडे जाऊ लागले, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, पानवेली आणि केळी करपू लागल्या, आणि त्याविरुद्ध हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याबरोबर आपणांपैकी पुष्कळ जण रस्त्यावर उतरले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. बावखले मात्र त्यानंतरही एकामागून एक बुजत गेली. बावखल म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत उतरण्याचे दार. सूर्या नदीचे पाणी नळाने आले आणि ही दारे आपणच बंद केली.

देवळामागील विहीर ह्या धर्मग्रामाहून जुनी आहे. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी देवळाच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा बांधकामास पाणी लागले ते तिचे. समितीपुढे सूचना अशी आहे की ती बुजवून सणाच्या दिवशी गाड्या उभ्या करण्यास जागा करावी. सूचना करणारे आमचे मित्र आहेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. कठडा एका बाजूस खचला आहे. गेल्या पावसाळ्यात एक करडू आत पडले. उद्या मूल पडले तर जबाबदार कोण? शिवाय लोक सुकलेल्या माळा आणि मेणबत्त्यांचे तुकडे तिच्यात टाकतात, त्याची दुर्गंधी येते. हे सर्व खरे आहे. खड्डा बुजविण्यास दोन दिवस लागतील आणि नऊ-दहा गाड्यांची सोय होईल, हेही खरे.

आम्ही मागच्या शनिवारी शाळेतील दोन मुले बरोबर घेऊन दोरास दगड बांधून सोडला. पाणी काठापासून अकरा फुटांवर लागले आणि तळ एकवीस फुटांवर. म्हणजे मार्च महिन्यातही दहा फूट पाणी आहे. वर काढून चव पाहिली: मचूळ आहे, खारट नाही. पिण्याजोगे नाही, परंतु बागेस आणि धुण्यास चालेल. तळाशी माळांचा आणि प्लास्टिकचा गाळ आहे; तो काढल्यावर पाणी कसे निघेल हे आम्ही सांगू शकत नाही.

आम्हांस घुमट नको, सोनेरी हत्ती नको. कठडा नीट बांधावा, त्यावर लोखंडी जाळी बसवावी, वर चार खांबांचे कौलारू छप्पर घालावे, आणि देवळाच्या कौलांवरून जे पाणी पावसाळ्यात गटारात जाते ते गाळून तिच्यात सोडावे, एवढीच आमची सूचना आहे. खर्चाचा अंदाज आम्ही समितीस लिहून दिला आहे. आणि खर्च एकदाच करून थांबू नये म्हणून दुसरी सूचना: कुंपणालगतची नारळाची बारा झाडे आणि दोन फणस आजवर कोणाच्याच हिशेबात नाहीत, त्यांची फळे कोण उतरवून नेतो हेही कोणास ठाऊक नाही, किंवा सर्वांस ठाऊक आहे. ती झाडे विहिरीच्या नावे लावून द्यावीत. वर्षाकाठी त्यांतून जे येईल त्यात गाळ काढणे आणि जाळीस रंग देणे भागेल असा आमचा हिशेब आहे. समितीने तो तपासावा.

निर्णय पुढील महिन्याच्या बैठकीत व्हावयाचा आहे. ज्यांचे मत बुजविण्याकडे आहे त्यांनी ते द्यावे. परंतु त्यापूर्वी एकदा आत वाकून पाहावे. विहिरीवरील पत्र्यास कुलूप आहे, किल्ली देवळाच्या सेवकाकडे दिलेली आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही दोर घेऊन तेथे उभे राहू. मुलांना आणताना हात धरून आणावे, कठडा अजून खचलेलाच आहे.